राखेची मूठ

तानूबाई कुंभारणीनं पोटच्या लेकीशी आठ महिने अबोला धरला होता. लेक पुण्याहून दर रविवारी फोन करायची. तानूबाई तो उचलायची, कारण न उचलणं तिला उर्मटपणाचं वाटे; पण उचलून चाकाशेजारी ठेवून द्यायची आणि आपलं काम चालू ठेवायची. पलीकडे वैजयंताला ओल्या मातीवर पडणाऱ्या थापा तेवढ्या ऐकू यायच्या. दहा-बारा मिनिटं त्या ऐकून ती बिचारी फोन बंद करायची. असा अबोला धरायलासुद्धा अंगात दम लागतो, आणि तो तानूबाईकडे रग्गड होता.

भांडण होतं तळ्यावरून. आंबेसरीच्या थोरल्या तळ्याचं पाणी चैत्रात आटलं की गावातली बारा कुंभारघरं काठची काळी चिकट माती वर्षभरासाठी काढून ठेवत. त्यासाठी कुणाच्या पणजालाही परवानगी मागावी लागली नव्हती. आता तळ्याभोवती उंच जाळी होती, जाळीवर निळी पाटी होती, आणि पाटी सांगत होती की हा पट्टा तीस वर्षांसाठी नवतेल कंपनीला दिलेला आहे, आत पाऊल टाकणाऱ्यावर कारवाई होईल. ती पाटी वैजयंतामुळे लागली होती. परक्यानं घाव घातला असता तर तानूबाईनं चार शिव्या हासडून मन मोकळं केलं असतं. इथे शिव्या द्यायच्या कुणाला?

हे कसं झालं ते समजायला तीन वर्षं मागं जायला हवं, म्हणजे २०४३ सालात. शहरातल्या गाड्या केव्हाच विजेवर गेल्या होत्या. कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगराकडे मात्र उसाचे ट्रॅक्टर, दुधाचे टेम्पो आणि नदीवरचे पंप अजून जुन्या डिझेल इंजिनांवरच रडतखडत चालत. डिझेल रेशनसारखं मोजून मिळे. त्यामुळे करंजाचं नाहीतर तळणातलं उरलेलं तेल घेऊन त्याचं इंधन करायचा खटाटोप जो तो करत होता, आणि बहुतेकांच्या हाती बादलीभर चिकट साबण लागत होता.

यात गोम अशी आहे. तेलाचा रेणू म्हणजे एका आखूड दांडीला बांधलेल्या तीन लांब शेपट्या. त्यामुळे तेल दाट असतं आणि इंजिनात घातलं तर काजळी धरतं. त्यात अल्कोहोल मिसळलं की एकेक शेपटी दांडीवरून सुटून अल्कोहोलला चिकटते. या सुट्या झालेल्या शेपट्या म्हणजेच जैवडिझेल. दांडी ग्लिसरीन होऊन तळाला बसते. पण ही सोडसोड आपणहून होऊ म्हटली तर फार वेळ खाते. मध्ये कुणीतरी गाठी सोडवून देणारा लागतो आणि त्यानं स्वतः त्यात अडकायचं नसतं. त्याला उत्प्रेरक म्हणतात. कॉस्टिक हा त्यातला स्वस्त गडी, पण वडे-भजी तळून काळवंडलेल्या तेलात तो टाकला की निम्म्या तेलाचा साबण होतो. शिवाय एकदा विरघळला की तो परत हाती लागत नाही.

नवतेल कंपनीच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वैजयंता कुंभारला वाटलं की हे काम भाजलेली माती करू शकेल. माती विरघळत नाही. तिचे थर पापडांच्या चळतीसारखे एकावर एक असतात. त्या थरांत पोटॅशियमसारखे क्षार घट्ट बसले असतील तर तेलाच्या गाठी तिथे सुटतील, आणि काम झालं की माती चिमट्यानं उचलून, परत भाजून पुन्हा वापरता येईल. तिनं गुजरातेतली माती आणली, राजस्थानातली आणली. एकही टिकेना. शेवटी तिनं आईला फोन करून तळ्यातली डबाभर माती मागवली आणि त्यात काही मिसळू नकोस असं दोनदा बजावलं. डबा आल्यावर तिनं माती भिजवून महिनाभर मुरत ठेवली, कारण न मुरलेल्या मातीला हात लावायचा नाही हे ती पाळण्यात शिकली होती.

ती माती चाळीस खेपा चालली. तपासणीत तिच्यात पोटॅशियम भरपूर दिसलं. वैजयंता हरखून गेली. आंबेसरीच्या तळ्यालाच हा गुण निसर्गानं दिला आहे असं तिनं अहवालात लिहिलं आणि खाली सही केली.

पुढच्याच आठवड्यात ती गावी आली. आईकडून तिनं भोकाच्या चकत्या करून घेतल्या, त्या भाजल्या, आणि शिवगोंडा पाटलाच्या दुधाच्या टेम्पोसाठी एका पिंपात पहिलं इंधन केलं. अल्कोहोल साखर कारखान्याचं, तेल बाजारपेठेतल्या भजीवाल्याचं. टेम्पो घाट चढून गेला आणि मागे कांदाभजीचा वास सोडत गेला. वर्षभरात गावात चार पिंपं झाली. तानूबाई त्या काळात जरा ताठ मानेनं चालायची, हे खरं.

मग कंपनीनं पेटंट घेतलं. परवान्याशिवाय असा उत्प्रेरक विकायला बंदी आली, आणि वैजयंताच्या अहवालाच्या जोरावर तळ्याचा पट्टा निघाला. कुंभारांना कारखान्यात कामं मिळतील असं वैजयंताला सांगितलं गेलं होतं आणि तिनं त्यावर विश्वास ठेवला होता. तानूबाईला हे सगळं तलाठ्याच्या नोटिशीतून कळलं. त्या दिवसापासून फोन चाकाशेजारी जाऊन बसला.

जेठ महिन्यात वैजयंता अचानक दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला, हातात एक पिशवी. कंपनीत हाहाकार माजला होता. यंत्रानं उपसलेली तळ्याची माती पहिल्या खेपेला कशीबशी चालत होती आणि चौथ्या खेपेला मरत होती. वरून बाटलीतलं पोटॅशियम लावून पाहिलं, तर ते पृष्ठभागावर बसायचं आणि तेलाबरोबर वाहून जायचं. वैजयंतानं काहीतरी दडवून ठेवलंय असा साहेबांना संशय होता. कारण शोधून आण, नाहीतर परत येऊ नकोस, असं सांगून तिला धाडलं होतं.

तानूबाईनं तिला घरात घेतलं, भाकरी वाढली, पण तोंडातून शब्द काढला नाही. काही सांगायचं झालंच तर ती दाराशी बांधलेल्या शेळीला सांगायची. पाहुणीला आमटी हवी का विचार, पाहुणीला म्हणावं पांघरूण पेटीत आहे. शेळी या जबाबदारीला पुरी पडत नव्हती, पण निरोप पोचत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारची गोदा परसातली चूल लिंपायला माती मागायला आली. शेडाखाली ओल्या पोत्यांत जपून ठेवलेला शेवटचा ढीग होता. तानूबाईनं त्यातला एक गोळा काढून गोदाच्या पाटीत ठेवला, उंबऱ्यापाशी आली, कोपऱ्यातल्या गाडग्यात न बघताच हात घातला आणि मूठभर राख मातीवर सोडली.

"जा बाई, सुखानं ऱ्हा," ती मातीला म्हणाली. गोदा पाटी उचलून निघून गेली.

वैजयंता चहाची कपबशी धरून बसली होती. कपबशी खाली ठेवून ती ताडकन उठली.

"आई, आता काय टाकलंस तू?"

"राख." आठ महिन्यांचा अबोला मोडल्याचं तानूबाईच्या ध्यानातही आलं नाही. "माती घराबाहेर निघाली न्हवं? लेकीला कुणी मोकळ्या ओटीनं धाडतं व्हय?"

"पुण्याला मला डबा दिलास, त्यातपण टाकली होतीस?"

"टाकणारच की. सख्ख्या लेकीकडं निघालेली माती ती. दोन मुठी टाकल्या हुत्या."

"मी काही मिसळू नकोस म्हटलं होतं."

"मिसळलं कुठं?" तानूबाईला लेकीच्या शिक्षणाची कीव आली. "ओटी भरली."

वैजयंता ओल्या जमिनीवरच बसली. आधी ती हसली, मग हसता हसता रडायला लागली. लहानपणापासून हजार वेळा पाहिलेली गोष्ट तिला दिसली नव्हती. तळ्यातून अंगणात, अंगणातून गिऱ्हाइकाकडे, माती एका जागेवरून दुसरीकडे निघाली की तिच्यावर राखेची मूठ पडायचीच. भट्टीत केळीची वाळलेली खुंटं जाळत, आणि केळीच्या राखेत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं. ओल्या मातीत ती राख मुरली, पायांनी तुडवली गेली आणि सावकाश भाजली गेली की ते पोटॅशियम थरांच्या आत जाऊन बसतं, मग तेलानं कितीही ओढलं तरी हलत नाही. तळ्याची माती चांगली होती, पण चार गावच्या मातीसारखीच. कंपनीनं तीस वर्षांसाठी जे कुंपणात घातलं होतं, त्यात तिला हवा असलेला गुण नव्हताच. तो कोपऱ्यातल्या गाडग्यात होता.

आनंदाच्या भरात वैजयंतानं एक घोडचूक केली. कंपनीचे नाडगौडा साहेब तिचे वरिष्ठ. त्यांना तिनं फोनवर दोनच शब्द पाठवले: कारण सापडलं. विचार मागाहून आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाडगौडांची गाडी दारात आली. माणूस वाईट नव्हता. बोलायला गोड, कपड्यांना इस्त्री, आणि मातीच्या घरात बसताना पॅंटची काळजी घेणारा. वैजयंतानं कारण सांगायचं टाळलं, पण साहेबांनी तिचा चेहरा आणि तिच्या आईचं घर पाहून ओळखलं की गुपित इथलंच आहे. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. तळ्याचा अर्धा काठ कुंभारांना परत मिळेल. वैजयंताला प्रयोगशाळेची प्रमुख करू. बदल्यात तानूबाईनं अंगठा द्यायचा, की मातीवर ती जी काही क्रिया करते ती आजपासून कंपनीची.

तानूबाईनं लेकीला कागद मोठ्यानं वाचायला लावला. अर्धा काठ हे शब्द तिनं दोनदा वाचून घेतले. गेल्या चैत्रात ती जाळीला नाक लावून उभी राहिली होती आणि आत यंत्रं तळं उपसत होती, ते तिला आठवलं. अंगठा टेकवायचा, की पुढच्या चैत्रात पाय पुन्हा त्या चिखलात. मन मोहात पडलं, खोटं कशाला बोला. मग वैजयंता एका वाक्यापाशी आली आणि ते तिनं सावकाश वाचलं. ही क्रिया यापुढे परवान्याशिवाय कोणत्याही गावातील कोणत्याही व्यक्तीस करता येणार नाही, असं ते वाक्य होतं.

"म्हंजे काल गोदाच्या चुलीला माती दिली," तानूबाईनं विचारलं, "तसं उद्या केलं तर?"

नाडगौडा हसले. चुलीच्या मातीसाठी कोण कुणाला धरायला येणार आहे, असं ते म्हणाले.

"धरणार न्हाई," तानूबाई म्हणाली. "पन धरता येईल."

तानूबाईनं कागदाची नीट घडी घातली आणि तो चहाच्या बशीसारखा दोन्ही हातांनी परत केला. गुपित माझं असतं तर विकायचं का ते बघितलं असतं, असं तिनं त्यांना सांगितलं. पण ही रीत माझ्या सासूची, तिच्या सासूची आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येक कुंभारणीची आहे, आणि मी अंगठा दिला तर त्या सगळ्या बायका आपापल्या घरात चोर ठरतील. नाडगौडांचा गोडवा तिथे संपला. जाताना त्यांनी वैजयंताला बजावलं की नोकरीत असताना तिला कळलेली प्रत्येक गोष्ट कंपनीची आहे. बेंदराच्या सणापर्यंत ती कळवली नाही तर पुढचं वकील बघतील. आणि तानूबाईला विचारलं, तळ्याशिवाय तुम्ही माती कुठली आणणार?

गाडी गेली. आता तानूबाईला खरी भीती वाटत होती, आणि ती तळ्यासाठी नव्हती. पोरीला शिकवायला तिनं काय काय केलं होतं ते तिचं तिला ठाऊक.

"तू सांगितलंस तर मी आडवी येणार न्हाई," ती लेकीला म्हणाली. "तुझं पोट हाय ते. अबोलाबी धरणार न्हाई."

वैजयंतानं नाक पुसलं. "सांगणार आहे," ती म्हणाली. "पण त्यांना एकट्यांना नाही."

तिचं म्हणणं सरळ होतं. लपवलं तर ते गुपित ठरतं, आणि गुपिताला मालक असतो. जी गोष्ट सगळ्यांना आधीपासून ठाऊक आहे तिच्यावर कुणाला मक्ता घेता येत नाही. तिनं राजीनामा लिहिला आणि दुसऱ्या सकाळी शिवगोंडाच्या टेम्पोत दुधाच्या कॅनांशेजारी बसून निघाली. टेम्पो ज्या ज्या गावात दूध गोळा करायचा, त्या त्या गावात ती कुंभारवाड्यात उतरायची, फोनचा कॅमेरा सुरू करायची आणि एकच प्रश्न विचारायची: माती घराबाहेर निघाली की तुम्ही काय करता? उत्तर सुचवायचं नाही, असा तिचा दंडक होता. कुणी हसून, कुणी लाजून, कुणी हे काय विचारणं झालं म्हणून वैतागून, पण सगळ्यांनी उठून कोपऱ्यातल्या गाडग्यात हात घातला. एकोणचाळीस गावं झाली. चाळिसाव्या गावात एक नव्वदीची म्हातारी तिच्यावर डाफरली, की कुंभाराची पोर असून हे दुसऱ्याला विचारत फिरतेस, लाज नाही वाटत? तेही चित्रण वैजयंतानं पेटंट कचेरीकडे हरकतीसोबत पाठवलं. राखेची सगळी कृती तिनं दूध डेरीच्या फळ्यावर लिहिली आणि ती फीत जमेल तिथे जाहीर लावून टाकली.

पण नाडगौडांचा प्रश्न शिल्लक होता, आणि बेंदूर बारा दिवसांवर आला होता. बेंदराला कुंभारानं घरोघरी मातीच्या बैलांची जोडी पोचवायची आणि घरच्या बाईनं सूपभर जोंधळे घालायचे, ही रीत गावात कधी चुकली नव्हती. बैल कच्च्या मातीचे असतात. पूजा झाली की ते भिंतीतल्या देवळीत वर्षभर बसतात आणि पुढच्या बेंदराला नवे आले की जुन्यांचं शेतात विसर्जन करतात. शेडाखालच्या ढिगात यंदा दहा घरांपुरतीही माती नव्हती. दुसऱ्या गावची आणली तर ती मुरायलाच महिना लागला असता.

तानूबाई देवळीसमोर उभी होती. गेल्या वर्षीचे बैल तिच्याकडे बघत होते. एकाचं शिंग मोडलं होतं.

तिनं पदर खोचला आणि घराबाहेर पडली. संध्याकाळपर्यंत ती गल्लीगल्ली फिरून सांगत होती की यंदा जुने बैल शेतात टाकू नका, मला परत द्या. आणि फुटकी मडकी, घागरी, खापरं, जे असेल ते द्या. तळ्यातून माती काढायला मनाई होती. घरातून काढायला नव्हती. सहाशे घरांतून बाराशे बैल आले, हातगाड्यांवरून, डोक्यावरून, एक जोडी तर मोटारसायकलवर पुढे बसून. वैजयंतानं खापरं कुटून त्यांचा चूर केला. बैल पाण्यात भिजवले. त्या चिखलावर बारा कुंभारघरांतल्या बायकांनी एकेक मूठ राख सोडली आणि मग सगळ्यांनी मिळून तो तुडवला. मुरवायला महिना नव्हता, दिवस थोडे होते. पण बैलांची माती आधीच राख खाऊन मुरलेली होती, तिला नुसतं जागं करायचं होतं.

नवे बैल तानूबाईनं भट्टीत घातले, तेव्हा तुकाप्पा कुंभार आडवा आला. बेंदराचे बैल भाजल्याचं त्याच्या उभ्या जन्मात त्यानं ऐकलं नव्हतं. बैल यंदा शेतात जायचे नाहीत, पिंपात जायचेत, असं तानूबाईनं त्याला सांगितलं. कष्ट करायला म्हणूनच तर आपण बैल पूजतो, मग हे बसून का राहतील? तुकाप्पानं थोडा वेळ दाढी खाजवली आणि भट्टीला खुंटं घालायला बसला.

बेंदराच्या दिवशी सकाळी सहाशे पाटांवर सहाशे जोड्या उभ्या होत्या, हळदी-कुंकवानं माखलेल्या, पुढे पुरणपोळी. प्रत्येक बैलाच्या पोटाला आरपार भोक होतं. पूजा झाली की त्यातून तार ओवायची आणि जोडी गल्लीतल्या पिंपात सोडायची, हे घरोघरी ठाऊक होतं. चाराची अठरा पिंपं झाली होती.

दहाच्या सुमारास नाडगौडा आले. सोबत तपासणीचे दोन अधिकारी होते, कारण बेकायदा उत्प्रेरकाची विक्री चालल्याची खबर होती. त्यांनी पहिल्या घरात विचारलं, किती पैसे दिले? घरच्या बाईनं रिकामं सूप दाखवलं. दुसऱ्या घरात विचारलं, तिथेही सूपच. तिसऱ्या घरात एका अधिकाऱ्यानं पाटावरच्या बैलाला हात घातला, आणि घरातला म्हातारा शांतपणे म्हणाला, आधी पायातलं काढा. अधिकारी वाकला तो वाकलेलाच राहिला. मग त्यानं सोबत्याकडे पाहिलं, दोघांनी नाडगौडांकडे पाहिलं आणि बूट न काढता मागच्या पावली बाहेर आले. त्यांच्याही घरी बेंदूर होता.

नाडगौडा एकटे तानूबाईच्या अंगणात आले. बैल नको, निदान मातीचा नमुना तरी द्या, असं त्यांनी कोरडेपणानं मागितलं. तो न्यायालयात लागेल. वैजयंता पुढे झाली. तिच्या नावानं तीन नोटिशी घरात पडल्या होत्या आणि चौथीची तयारी साहेबांच्या पिशवीत दिसत होती. तळ्याला जाळी होती तशीच होती, हरकतीचा निकाल लागायला किती वर्षं जातील कोण जाणे. नमुना द्यायचा नाही, असं ती म्हणणार होती.

तानूबाईनं तिला हातानं थांबवलं. तुडवलेल्या मातीतला उरलेला एक गोळा तिनं काढला, थापून गोल केला आणि साहेबांच्या हातात दिला. मग गाडगं उचलून लेकीपुढे धरलं.

"तू टाक," ती म्हणाली.

वैजयंतानं हात आत घातला. राख मऊ आणि थोडी कोमट होती. तिनं मूठ भरून साहेबांच्या हातातल्या गोळ्यावर सोडली. इस्त्रीच्या शर्टाची बाही पांढरी झाली, पण नाडगौडांना हात मागे घेता आला नाही.

"साहेब, नीट बघून घ्या किती टाकली ते," वैजयंता म्हणाली. "आणि कारखान्यात सगळ्यांना सांगा. परवाना लागत नाही."

तानूबाई मातीला म्हणाली, जा बाई, सुखानं ऱ्हा. मग ती आत गेली, कारण चुलीवर पुरणाचं पातेलं होतं आणि शिवगोंडाचा टेम्पो जेवायच्या वेळेला यायचा होता.